जुन्या दुहेरी अनंताची रोपे घरी कशी तयार करावीत?

प्रश्न : रामबागवासी, इंदूर

आमच्या अंगणात आजेसासूबाईंनी लावलेला दुहेरी फुलांचा अनंत आहे. दिवाळीनंतर घर पाडून नवे बांधायचे ठरले असून, पाया खणताना हे झाड वाचण्याची आशा धरू नये, असे ठेकेदाराने स्पष्ट सांगितले आहे. त्याला बी धरलेले घरात कोणीच पाहिलेले नाही. नर्सरीत अनंताचे, म्हणजेच गंधराजाचे, नवे रोप सहज मिळते, हे ठाऊक आहे. परंतु आम्हांला याच झाडाची रोपे हवी आहेत. हाताशी पावसाळ्याचेच महिने आहेत, तेव्हा गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळे फोडण्याची पद्धत) बांधावे की फांद्या छाटून लावाव्यात? पुढे काही काळ रोपे गच्चीवर कुंडीतच ठेवावी लागतील.

उत्तर : गच्चीवरची बाग

दुहेरी फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे बी सहसा धरत नाही. मुदत ठरलेली असताना मी गुटी कलमच सुचवीन, कारण मुळे फुटेपर्यंत फांदी आईच्या झाडावरच पोसली जाते.

पेन्सिलीएवढ्या जाडीची, निरोगी आणि उजेडात वाढलेली फांदी निवडावी. पानांच्या खाली, पेराला लागून सुमारे दोन ते अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढावी. साल निघाल्यावर लाकडावर जो बुळबुळीत थर राहतो, तो चाकूच्या पात्याने खरवडून काढणे अत्यंत आवश्यक आहे. तो राहिला तर वरची आणि खालची साल पुन्हा जुळते, जखम भरून येते आणि मुळे फुटतच नाहीत. पानांनी तयार केलेले अन्न सालीतून खाली उतरताना या कापाशी अडते व वरच्या काठावर साठते, उलट मुळांकडून येणारे पाणी लाकडातून वर चढतच राहते. म्हणून फांदी वाळत नाही आणि वरच्या काठालाच मुळे येतात. मुळे फुटण्यास मदत करणाऱ्या संजीवकाची पूड लावायची तर याच काठाला लावावी. त्यावर भिजवून घट्ट पिळलेले शेवाळ (मॉस) मूठभर बांधावे, वरून पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोके सुतळीने आवळावीत. शेवाळातून पाणी निथळत असेल तर कलम कुजते.

साधारण सहा ते दहा आठवड्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागतात. ती दिसताच कापण्याची घाई करू नये. त्यांना उपफाटे फुटून रंग तपकिरी होऊ लागला की मगच गुटीच्या खालून फांदी कापावी. आत्ता आषाढात बांधले तर नवरात्रापर्यंत काम उरकते, आणि थंडी पडण्यापूर्वी रोपाला कुंडीत रुळायला वेळ मिळतो.

उत्तर : सरस्वतीकाठ

वरील मताशी सहमत आहे, तथापि केवळ गुटीवर भिस्त ठेवू नये. अनंताच्या छाटकलमा चांगल्या जगतात आणि त्यांना लागणाऱ्या फांद्या झाडावर भरपूर असतात. यंदाचीच, बुडाशी हिरवेपणा जाऊन तपकिरी होऊ लागलेली फांदी दहा-बारा सेंटिमीटर लांब, पेराच्या लगेच खाली कापावी. कळ्या खुडाव्यात, खालची पाने काढावीत आणि वरची अर्धी कापावीत. माध्यम म्हणून धुतलेली जाड वाळू व कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पुरे; शेणखत किंवा अंगणातील काळी माती यांना या टप्प्यावर थारा देऊ नये, कारण बुडाशी कुज तेथूनच सुरू होते. वर प्लॅस्टिकची पिशवी सैलसर झाकून कुंडी उजेडात, पण उन्हाबाहेर ठेवावी. फांदी रुजली की नाही हे पाहण्यासाठी ती उपटण्याचा मोह फार होतो, तो आवरावा.

उत्तर : माती-पाणी

मुळे फुटणे हा या कामातला सोपा भाग आहे. अनंताला आम्लधर्मी माती मानवते, सामू (पीएच) पाच ते सहाच्या आसपास, आणि आपली माळव्याची काळी माती बहुधा अल्कधर्मी, चुनखडीची व पाणी धरून ठेवणारी. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तुमचे जुने झाड खोलवर मुळे पसरून तगले असेल, कुंडीतल्या रोपाला ती सोय नाही. म्हणून कुंडीत कोकोपीट, चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत व जाड वाळू यांचा भाग मोठा ठेवावा. पिवळेपणा दिसल्यास चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातील लोहाची, फवारणी पानांवर करावी. बाजारात मिळणारे ईडीटीए प्रकारचे चिलेटेड लोह अल्कधर्मी मातीत फार काळ टिकत नाही, त्यामुळे ते मातीत ओतण्यात अर्थ नाही. बोअरिंगचे जड पाणी शक्यतो टाळावे आणि आता पावसाचे पाणी पिंपात साठवून ठेवावे.

प्रश्नकर्ती : रामबागवासी

सर्वांचे आभार. गुट्या याच आठवड्यात बांधीन, आणि छाटकलमाही लावीन. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी आम्ही गच्चीवरील कुंड्यांना घालतो. ते अनंताला चालेल का?

उत्तर : माती-पाणी

अनंताला ते घालू नये. शुद्ध पाण्यातून वेगळे केलेले क्षार या वाया जाणाऱ्या पाण्यात उतरलेले असतात, म्हणजे ते मूळ पाण्यापेक्षाही जड असते. ते फरशी पुसायला वापरावे.