न्यू जर्सी: छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टची राज्याशी तुलना कशी करायची?

पारिजातक_एनजे
घर घेण्याआधी एका छोट्या डिस्ट्रिक्टचे आकडे तपासतेय. किंडरगार्टन ते आठवी मिळून साडेतीनशे मुलं, नववीपासून शेजारच्या गावच्या हायस्कूलला जातात. राज्याच्या स्कूल परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये तिसरीचं गणित राज्याच्या बरंच वर आहे आणि पाचवीचं खाली. आदल्या वर्षी नेमकं उलट होतं! काही रकान्यांत नुसती चांदणी आहे. दर विद्यार्थ्यामागचा खर्चही राज्यापेक्षा जास्त दिसतो. यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं? मुलगी पुढच्या वर्षी तिसरीत जाईल.

गणकयंत्र
आधी टक्क्यांची मुलं करून बघा. रिपोर्टमध्ये प्रत्येक इयत्तेसमोर किती मुलांचे गुण ग्राह्य धरले तो आकडा असतो. समजा 37 मुलं आणि 62.2 टक्के, म्हणजे राज्याच्या वार्षिक परीक्षेत (एनजेएसएलए) 23 मुलं चौथ्या-पाचव्या, म्हणजे अपेक्षित, पातळीला (750 किंवा जास्त गुण) पोचली. एक मूल इकडचं तिकडे झालं की पावणेतीन टक्के हलतात. चाळीसेक मुलांच्या इयत्तेत शिकवण्यात काहीही फरक पडला नाही, तरी निव्वळ मुलं बदलल्याने आकडा 8 टक्क्यांनी वरखाली होणं अगदी नेहमीचं आहे. राज्यात एका इयत्तेत लाखाच्या आसपास मुलं असतात, त्यामुळे राज्याचा आकडा जागचा हलत नाही. उड्या तुमचाच डिस्ट्रिक्ट मारताना दिसतो.

म्हणून तीन वर्षांच्या मुलांची बेरीज करा, टक्क्यांची सरासरी नको. 36 पैकी 18, 44 पैकी 33, 40 पैकी 30, एकूण 120 पैकी 81, म्हणजे 67.5 टक्के. राज्याशी ताडून बघायचा तो हा आकडा. 2020 आणि 2021 ला एनजेएसएलए झालीच नाही, तेव्हा त्याआधीच्या वर्षांना सलग जोडू नका.

मग तिरकं वाचा. गेल्या वर्षीची तिसरी म्हणजे या वर्षीची चौथी. गेल्या वर्षी तिसरी खाली होती आणि या वर्षी चौथीही खाली असेल, तर ती बॅचच तशी आहे आणि तिसरीच्या शिक्षकांवर त्याचं खापर फोडता येणार नाही. उलट बॅच कुठलीही असो, पाचवीत आली की दर वर्षी घसरते असं दिसलं, तर पाचवीतलं गणित नीट तपासायला हवं.

चांदणी म्हणजे शून्य नव्हे. गटात 10 पेक्षा कमी मुलं असतील तर कोणाचे गुण कळू नयेत म्हणून आकडा झाकतात.

फळा_खडू
वरच्या हिशोबाला पूर्ण दुजोरा. तरीही पातळी गाठणाऱ्यांच्या टक्क्यांत घरची परिस्थिती फार मिसळलेली असते. शाळा काय भर घालते ते बघायचं असेल तर ग्रोथचं पान उघडा. तिथे मुलाची तुलना राज्यातल्या, आधीच्या वर्षांत साधारण तेवढेच गुण मिळवलेल्या मुलांशी होते. 50 म्हणजे मधोमध. तिसरीला हा आकडा नसतोच, कारण मागची परीक्षा नसते. गुण राज्याच्या वर पण ग्रोथ सलग दोन-तीन वर्षं चाळिशीच्या खाली असेल, तर मुलं हुशार येताहेत पण शाळेत पुढे सरकत नाहीत, असा अर्थ मी लावेन. छोट्या शाळेत हाही आकडा डुलतो, म्हणून एका वर्षावर जाऊ नका.

आठवीच्या गणितात बरेच जण फसतात. आठवीत अल्जेब्रा वन (बीजगणिताचा वरचा कोर्स) घेणारी मुलं आठवीची परीक्षा न देता अल्जेब्राचीच देतात. वरची मुलं बाजूला गेल्यावर उरलेल्यांचा टक्का पडलेला दिसणारच. दोन्ही रकाने एकत्र मोजा. शाळा बोर्डाच्या सभेत निकाल मांडते, त्या सादरीकरणात बहुधा ही फोड मिळते.

वर्गातल्या मुलांचा अंदाज विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तरावरून बांधू नका. त्यात स्पेशल एज्युकेशन, संगीत, पीटी सगळे शिक्षक धरलेले असतात. गुणोत्तर 10 असलं तरी वर्गात 22 मुलं असू शकतात. तिसरीच्या तुकड्या किती आणि मुलं किती, हे शाळेच्या ऑफिसला फोन करून विचारा.

ताळेबंद
खर्चाचं. तो ‘राज्यापेक्षा जास्त’ आहे यावरून शाळा चांगली की वाईट काहीच ठरत नाही. सुपरिंटेंडंट, बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, नर्स, छताची डागडुजी, हे साडेतीनशे मुलांत वाटलं तरी लागतंच आणि साडेतीन हजारांत वाटलं तरी लागतंच. राज्याचा डिस्ट्रिक्टवार खर्चाचा अहवाल, टॅक्सपेयर्स गाइड टू एज्युकेशन स्पेंडिंग, उघडा. त्यात डिस्ट्रिक्ट इयत्ता आणि पटसंख्येप्रमाणे गटांत लावलेले असतात. आठवीपर्यंतच्या, 400 पर्यंत पट असलेल्या गटात तुमचा कुठे बसतो ते बघा.

दोन आकड्यांची गल्लत करू नका. त्यातल्या बजेटरी खर्चात हायस्कूलला डिस्ट्रिक्टने भरलेली फी (ट्यूशन), बस आणि कर्जफेड नसते. एकूण खर्चात हे सगळं येतं, शिवाय राज्याने भरलेलं पेन्शनही. त्यानंतर डिस्ट्रिक्टच्या साइटवरचं युजर-फ्रेंडली बजेट घ्या आणि वर्गातल्या शिकवण्याचा वाटा व प्रशासनाचा वाटा वेगवेगळे वाचा.

आणि हायस्कूलचा रिपोर्ट स्वतंत्र असतो. मुलीची चार वर्षं तिथे जायची आहेत, तर तोही आजच वाचा.

पारिजातक_एनजे
सर्वांचे आभार. तिरकं वाचून बघितलं: गेल्या वर्षीची तिसरी या वर्षी चौथीतही खालीच आहे. एजंट म्हणतो डिस्ट्रिक्ट ‘आय’ गटातला आहे. त्याला किती वजन द्यायचं?

ताळेबंद
अजिबात नाही. ए ते जे ही अक्षरं राज्याने डिस्ट्रिक्टना तिथल्या लोकांच्या शिक्षण-उत्पन्नावरून दिलेली होती, तीही 2000 च्या जनगणनेवरून. शाळेत काय शिकवतात याचा त्यात एकही आकडा नव्हता.

गणकयंत्र
चौथीही खाली म्हणजे ती बॅच तशी असण्याची शक्यता जास्त. आता पाचवीची तीन वर्षांची बेरीज तेवढी करून टाका.