शब्दचर्चा: ‘बिनबापाचा’, ‘पोरका’ की आणखी काही?

प्रश्न – फिल्म क्लबसाठी ‘धिस इज इंग्लंड’ची (२००६, दिग्दर्शक शेन मेडोज) चार ओळींत ओळख लिहितेय. १९८३ चा उन्हाळा, बारा वर्षांचा शॉन, वडील फॉकलंडच्या (ब्रिटन-अर्जेंटिना) युद्धात मारले गेलेले. मी लिहिलं, ‘बिनबापाच्या, बिघडलेल्या मुलाचा वयात येण्याचा सिनेमा’. घरी वाचून दाखवलं तर एकानं नाक मुरडलं, दुसरा हसत सुटला. काय खटकतंय?

– ‘बिनबापाचा’ ही सरळ शिवी झाली. त्यातून बाप वारल्याचं कोणी ऐकत नाही, बाप कोण ते माहीत नाही असं ऐकतात, आणि बोट आईकडे जातं. ‘पोरका’ लिहा की.

– आई चांगली धडधाकट आहे, पोरका कसा?

– तेवढं काटेकोर राहिलंय कुठे? मोठा नेता गेला की ‘महाराष्ट्र पोरका झाला’ छापतातच. माझी हरकत निराळी आहे. पोरका म्हटलं की डोळ्यांपुढे केविलवाणं पोर येतं. हा शॉन सुरुवातीलाच, शाळेत कुणी त्याच्या मेलेल्या बापावरून विनोद केला म्हणून त्या मुलाच्या अंगावर जातो. पुढे कॉम्बो, तुरुंगातून सुटून आलेला स्किनहेड टोळीतला थोराड गडी, फॉकलंडचं युद्ध फुकट गेलं म्हणतो तेव्हा त्या दांडगट माणसावरही उसळतो. कॉम्बोला नेमकी तीच नस सापडते आणि पोरगं नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाच्या सभेला जाऊन बसतं. याला ‘बापाच्या माघारी वाढणारा’ म्हणा. आपल्याकडे बायका ‘ह्यांच्या माघारी पोरं वाढवली’ म्हणतात, त्यातला माघारी. माणूस गेला तरी घरात त्याची जागा धरलेली असते, हे त्या शब्दात आपसूक येतं.

– पटलं. आणि ‘बिघडलेला’ काढाच. बिघडला म्हटलं की निकाल लागला, आता सुधारगृह. ‘बिथरलेला’ हवा. बैल बिथरतो तेव्हा कशाला बिथरला ते आपण आधी बघतो.

– हसणाऱ्याचंही बरोबर आहे हो. ‘वयात येणं’ म्हणजे काय ते घराघरात ठाऊक आहे, आणि ते बहुतेक मुलींबद्दलच बोलतात. मुलाला फार तर मिसरूड फुटतं. ‘सज्ञान’ कायद्याचा शब्द, तिथे १८ पूर्ण लागतात. मी ‘जाणता होणं’ घेईन. कॉम्बो टोळीतल्याच कृष्णवर्णीय मिल्कीला मरेस्तोवर मारतो ते शॉन डोळ्यांनी बघतो, त्यानंतर तो जाणता होतो. वयाचा संबंध नाही.

– ‘किल्ला’ या मराठी सिनेमातला चिन्मयही असाच, वडील गेल्यावर आईच्या बदलीपायी कोकणात आलेला. पण त्याला बिथरलेला म्हणवत नाही. तो घुमा.

– सर्वांचे आभार. आता असं केलंय: ‘बापाच्या माघारी बिथरलेला शॉन एका उन्हाळ्यात जाणता होतो, त्याची ही काळीकुट्ट गोष्ट.’

– ‘काळीकुट्ट’ नको. वर्णद्वेषावरचा सिनेमा आहे, वाचणारा भलतंच धरेल. ‘अंगावर येणारी’ करा.