जर्मनी: राजाने पंथ निवडला सोळाव्या शतकात, सुट्टी मात्र माझी आज कापली जाते. हे बदलायला नको?

एल्बेकाठचा_आळशी

राहतो हॅम्बर्गला. आमची टीम अर्धी इथे आणि अर्धी म्युनिकला. जून आला की म्युनिकवाले फ्रोनलाइशनामची (कॅथलिकांचा मिरवणुकीचा सण, कॉर्पस क्रिस्ती) गुरुवारची सुट्टी घेतात, शुक्रवारी रजा टाकतात आणि सरळ चार दिवस गायब, कामाची टिकेटं सगळी आमच्या गळ्यात. आता हिशोब बघा. अख्ख्या देशाला 9 सुट्ट्या कॉमन. त्यावर हॅम्बर्गला मिळते 1, म्हणजे 10. म्युनिक ज्यात येतं त्या बव्हेरिया राज्याला 12, आणि ज्या गावात प्रोटेस्टंटांपेक्षा कॅथलिक जास्त तिथे 15 ऑगस्टची मेरीच्या स्वर्गारोहणाची धरून 13. कारण काय, तर हॅम्बर्ग 1529 मध्ये लुथरच्या (प्रोटेस्टंट पंथ सुरू करणारा) बाजूला गेलं आणि बव्हेरियाचे राजे पोपला धरून राहिले. 1555 ला ऑग्सबर्गचा तह झाला, ज्याचा राजा त्याचाच पंथ प्रजेचा, आणि सुट्ट्यांचा नकाशा आजही बराचसा त्याच रेघांवर चाललाय. 2022 पासून दोन मोठ्या चर्चचे सभासद मिळून देशात निम्मेसुद्धा नाहीत. मग हे कोणासाठी चालू आहे?

माझं म्हणणं, सगळ्या राज्यांना सारख्या सुट्ट्या द्या, चर्चच्या जास्तीच्या काढा आणि त्याबदल्यात प्रत्येकाला तीन दिवस आपल्या मर्जीने घेऊ द्या. कोणी ईद घेईल, कोणी दिवाळी, कोणी ऑल सेंट्स (कॅथलिकांचा सर्व संतांचा दिवस).

इसारची_मावशी

तुला सुट्टी कमी पडते म्हणून दुसऱ्याची काढायची, हे भारी आहे. अरे कधी फ्रोनलाइशनामला खेडेगावात जाऊन बघ. रस्त्याकडेला बर्चच्या फांद्या लावतात, बायका पहाटेपासून फुलांच्या पाकळ्यांचे गालिचे घालतात, बँड, झेंडे, पादरी सोन्याच्या पात्रात ती पवित्र केलेली भाकर घेऊन छत्राखाली चालतो. आमच्याकडच्या पालखीची आठवण येते म्हण ना. हे सगळं गुरुवारी ऑफिस चालू ठेवून होणारे का? पोप अर्बन चौथ्याने 1264 साली चालू केलेला सण आहे. आणि तुमच्या लुथरला ही मिरवणूक नको होती, म्हणून तुमच्याकडे तो दिवस नाही, तुमच्या पूर्वजांनी स्वतःच सोडलाय.

एल्बेकाठचा_आळशी

मावशी, माझे पूर्वज साताऱ्याचे. त्यांनी काही सोडलेलं नाही 😄

पेठेतला_भोचक

मुद्दा वेगळाच आहे. 15 ऑगस्टला म्युनिकमधल्या देशी लोकांना झेंडावंदनाला हक्काची सुट्टी मिळते तीसुद्धा मदर मेरीच्या कृपेने, आणि हॅम्बर्गवाल्याला त्या दिवशी लॅपटॉप उघडावा लागतो. दुःख खरं इथे आहे, सरळ सांग ना.

ड्रेस्डेनकर

सगळे धर्माधर्मावर घसरलेत, पण कुठली सुट्टी राहते आणि कुठली जाते हे शेवटी पैशावर ठरतं. बुस उंड बेटटाग घ्या, नोव्हेंबरातला बुधवार, प्रायश्चित्त आणि प्रार्थनेचा, अस्सल प्रोटेस्टंट दिवस. 1995 पासून ही सुट्टी देशभर रद्द झाली. का? नवीन केअर इन्शुरन्स (म्हातारपणी, आजारपणी देखभालीचा सक्तीचा विमा) सुरू होत होता, मालकांना अर्धा हप्ता भरायचा नव्हता, मग त्याची भरपाई म्हणून कामाचा एक दिवस वाढवून दिला. फक्त आमच्या सॅक्सनीने सुट्टी सोडली नाही. म्हणून आजही इथे नोकरदार पगाराच्या 2.3 टक्के भरतो आणि मालक 1.3, बाकी देशात दोघेही 1.8. (मुलं नसतील तर आणखी जास्त, तो वेगळा विषय.) म्हणजे मी माझी सुट्टी दर महिन्याला पगारातून विकत घेतो. हॅम्बर्गवाले, तुम्ही तयार आहात का हप्ता भरायला?

आणि पूर्व जर्मनीत तर 1967 ला पाच दिवसांचा आठवडा दिला आणि त्या बदल्यात ईस्टर मंडे, येशूचं स्वर्गारोहण, रिफॉर्मेशन डे (लुथरच्या धर्मसुधारणेचा दिवस) सगळं उडवलं. तिथे पोपही नव्हता आणि राजाही नव्हता.

एल्बेकाठचा_आळशी

@ड्रेस्डेनकर उलट हा माझ्याच बाजूचा पुरावा झाला. सरकारला हवं तेव्हा ‘पवित्र’ दिवस एका कायद्यात जातो, मग म्युनिकचे दिवस तेवढे हात न लावण्यासारखे का? आणि आमच्याकडे 2018 ला उत्तरेतल्या चार राज्यांनी नवीन सुट्टी द्यायचं ठरवलं तेव्हासुद्धा रिफॉर्मेशन डेच निवडला. ज्यू संघटनांनी विरोध केला, लुथरने ज्यूंबद्दल काय काय लिहून ठेवलंय ते सगळ्यांना माहितीये. तरी तोच दिवस. एकविसाव्या शतकात नवीन सुट्टी देताना पुन्हा चर्चच सापडतं, कमाल आहे.

मेन्झवाला

ज्यांना वाटतं हे फक्त कागदावर आहे त्यांनी 1 नोव्हेंबरला ऱ्हाइनच्या पुलावर उभं राहावं. अलीकडे माइन्झ, ऑल सेंट्सची सुट्टी, दुकानं बंद. पलीकडे विसबाडेन, हेसन राज्य, सगळं चालू. अर्धं माइन्झ तिकडे खरेदीला. सकाळी कबरीवर दिवा लावून दुपारी सेलमध्ये, हेही पाहिलंय. सुट्टी राहत्या जागेवर नाही, कामाच्या जागेवर ठरते, त्यामुळे एकाच घरात नवरा झोपलेला आणि बायको सातच्या ट्रेनला. मला यात गंमतच वाटते, त्रास नाही वाटत.

एक_नर्सबाई

मर्जीचे तीन दिवस ही कल्पना ऑफिसवाल्यांनाच सुचू शकते. मी हॉस्पिटलात शिफ्ट करते. सार्वजनिक सुट्टीला कामावर असले तर वर जादा पैसे मिळतात आणि बदलीचा दिवस मिळतो. तुमचे ते मर्जीचे दिवस म्हणजे शेवटी रजाच, ती मागायची, मग वरचे म्हणणार या आठवड्यात माणसं कमी आहेत, पुढच्या महिन्यात बघू. ठरलेल्या तारखेला कोणाची परवानगी लागत नाही. संविधानातसुद्धा रविवार आणि सरकारमान्य सुट्ट्यांना विश्रांतीचे दिवस म्हणून संरक्षण आहे, ते वायमारच्या (पहिल्या महायुद्धानंतरचं जर्मन प्रजासत्ताक) काळापासून चालत आलंय. तारीख कॅथलिक असो नाहीतर प्रोटेस्टंट, माझ्या पायांना काय फरक पडतो.

इसारची_मावशी

अगदी! 👏

पेठेतला_भोचक

मावशी टाळ्या नंतर, आधी गुड फ्रायडेचं बोला. तुमच्या बव्हेरियात गुरुवारपासून शनिवार रात्रीपर्यंत नाचगाण्याचे कार्यक्रम बंद. गुड फ्रायडेला तर कुठलीच सूट नव्हती, 2016 मध्ये घटना न्यायालयाला सांगावं लागलं की अपवाद अजिबातच नाही असं चालणार नाही. सुट्टी घ्या की, पण मी नाचायचं की नाही हे तुम्ही का ठरवता?

इसारची_मावशी

एक दिवस नाही नाचलास तर काय बिघडेल? आणि गुड फ्रायडे हा प्रोटेस्टंटांचा सगळ्यात मोठा दिवस मानायचे. जुने लोक सांगतात, एका पंथाचा सण असला की दुसऱ्या पंथाचे शेतकरी मुद्दाम शेतात शेण टाकायला निघायचे, कॅथलिकांच्या फ्रोनलाइशनामला प्रोटेस्टंट आणि प्रोटेस्टंटांच्या गुड फ्रायडेला कॅथलिक. त्यापेक्षा दोघांनी दोन्ही दिवस गप्प घरी बसावं हे बरं नाही का.

फुगर_आळीतला

ऑग्सबर्गहून. आम्हाला 14, देशात सगळ्यात जास्त, जळा 😎 8 ऑगस्टची शांततेची सुट्टी फक्त आमच्या शहराच्या हद्दीत. 1629 मध्ये त्याच तारखेला इथल्या प्रोटेस्टंटांची प्रार्थना बंद पाडली होती, 1648 चा वेस्टफेलियाचा तह झाल्यावर 1650 पासून ते हा दिवस साजरा करायला लागले. म्हणजे मुळात कॅथलिकांच्या विरोधातलाच. आज त्याच दिवशी टाऊन हॉलसमोर लांबलचक टेबलं मांडतात, जो तो घरून डबा आणतो आणि शेजारी बसेल त्याला वाढतो, चर्चला जाणारे न जाणारे सगळे. सगळीकडे सारखं करायचं म्हटलं की पहिला बळी आमच्या या दिवसाचा जाणार, कारण तो दुसऱ्या कुठल्याच राज्याच्या यादीत बसत नाही.

बांद्याचा_पोर (सिंधुदुर्गातलं बांदा, मुंबईचं नव्हे)

आमच्याकडेही तेच आहे की. 3 डिसेंबरला सेंट झेवियरच्या फेस्ताची गोव्यात सुट्टी, पत्रादेवीच्या अलीकडे आमच्याकडे शाळा चालू. आणि महाराष्ट्रात जिल्हाधिकारी स्थानिक सुट्ट्या देतातच, त्या जिल्ह्याजिल्ह्याला वेगळ्या. त्यावर कोणी रडत नाही.

एल्बेकाठचा_आळशी

रडत नाहीत कारण तिथे संख्या साधारण सारखी पडते. इथे 10 आणि 13 मध्ये तीन पगारी दिवसांचा फरक आहे, दरवर्षी. ऑग्सबर्गचा दिवस ठेवा, मावशींचे फुलांचे गालिचे ठेवा, मला त्याचं काहीच नाही. नर्सबाईंचा मुद्दा मान्य, मर्जीचे दिवस नकोत, ठरलेल्या तारखाच द्या. पण मग उत्तरेलाही 13 द्या. बर्लिनने 2019 पासून 8 मार्चचा महिला दिन दिलाच ना, थुरिंगियाने 20 सप्टेंबरचा बालदिन दिला, दोन्हींचा चर्चशी संबंध नाही आणि आभाळ कोसळलेलं नाही.

ड्रेस्डेनकर

द्या म्हणे. हप्ता कोण भरणार ते अजून सांगितलं नाहीस.