गनस्पिनिंगच्या प्रवेशासाठी मदत हवी (गडकरी रंगायतन, ठाणे)

प्रश्न: आमचा हौशी ग्रुप काउबॉय फास्ट ड्रॉ (कमरेचं पिस्तूल झटकन उपसून झाडणं) आणि गनस्पिनिंगच्या (पिस्तूल बोटावर गरगर फिरवणं) कलाकारांना मानवंदना देणारा छोटा प्रवेश बसवतोय. पिस्तूल खेळण्यातलं, प्लास्टिकचं. फिरवताना बोटातून निसटतं. काय चुकतंय? कोणाचा उल्लेख हवाच?

उत्तर १: वजन कमी पडतंय. १८७३ची कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी ही काउबॉय रिव्हॉल्व्हर साधारण एक किलोची, त्यामुळे एकदा गती मिळाली की ती टिकते. प्लास्टिकचं मधेच मरतं. सागवानी नक्कल करून घ्या, आत शिसं भरा. तोल ट्रिगरच्या कड्याजवळ यायला हवा. मुठीत जास्त भरलं तर मागे ओढतं. बोट सरळ ठेवा, आकड्यासारखं वाकवलं की कडं अडकतं. जोर मनगटाचा. आधी पुढे फिरवणं पक्कं करा, मग मागे. सराव गादीवर, नाहीतर फरशी फुटेल आणि खालचे काका वर येतील!

उत्तर २: उल्लेख डी वूलम यांचा हवाच. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या मनोरंजन उद्यानात त्यांनी वेळ मोजून फास्ट ड्रॉचा खेळ रुजवला. दुसरे हॉलिवूडमधले फास्ट ड्रॉ प्रशिक्षक अर्वो ओजाला. त्यांच्या होल्स्टरमध्ये (कमरेला लावायच्या पिस्तुलाच्या म्यानात) चामड्याच्या थरांत धातूचा पत्रा असे, म्हणून सिलिंडर (गोळ्यांचं फिरतं नळकांडं) आतच मोकळा फिरायचा आणि उपसतानाच घोडा ओढता यायचा. नुसतं मऊ चामडं सिलिंडरला चिकटतं. तुमच्या होल्स्टरलाही पातळ पत्रा घाला.

उत्तर ३: आजच्या स्पर्धांत मेणाच्या गोळ्या असतात, दिवा लागला की उपसायचं. रंगमंचावर एलईडी लावा, प्रेक्षकांना लगेच कळतं. आणि नक्कल लोकलमधून उघडी नेऊ नका, बंद पिशवीतच.