मदत हवी आहे: ‘रिडॅक्टेड कॉपी’ला मराठीत काय?

डीटीपी_सातरस्ता: मथळा वाचा. म्हणजे काही मजकूर काळा करून दिलेली प्रत. शिवाय शब्द कुठून आला तेही सांगा, गिऱ्हाईक विचारतंय. उद्या ११ला द्यायचंय. ‘संपादित’ देऊन झालं, परत आलं.

शब्दवेडी: संदर्भ काय? कोर्टाचा कागद, पुस्तक?

चादर_नंबर१: सोपंय की. लाल शाईनं खोडायचं, म्हणून रेड-ॲक्ट. आमच्या मास्तरांनी सांगितलेलं.

शब्दवेडी: नाही हो काका. लॅटिन ‘रेदिगेरे’, म्हणजे मागे आणणे, आवरणे. ‘रे’ला ‘आगेरे’ जोडताना पुढे स्वर आला म्हणून मध्ये ‘द’. आधी अर्थ मजकूर नीट लावणं एवढाच होता, नावं काळी करणं अलीकडचं. म्हणजे ‘संपादित’ जुन्या अर्थानं बरोबरच.

चादर_नंबर१: म्हणजे मास्तर खोटे?

पोथीवाला: आपल्याकडे शब्द आहे की! पोथीत चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ फासायचे. ‘हरताळलेली प्रत’ लिहा.

शब्दवेडी: हरताळ चुकीवर. इथं बरोबर असलेलंच लपवायचंय. आणि आज ‘हरताळ फासला’ म्हटलं की नियम धाब्यावर बसवले असंच वाचतात.

पोथीवाला: वाचणाऱ्यांचा दोष.

हुरडा_पार्टी: बाउडलराइझ बघा, म्हणजे आक्षेपार्ह वाटतं ते कापणं. १८०७ मध्ये घरात वाचण्याजोगा शेक्सपिअर निघाला, बिननावाचा; थॉमस बाउडलरचं नाव १८१८च्या आवृत्तीवर आलं. पहिल्यातली कापाकापी खरं तर त्याच्या बहिणीची, हेन्रिएटाची.

डीटीपी_सातरस्ता: शेक्सपिअर नको बे! सोसायटीचा चौकशी अहवाल आहे, १४ पानं. साक्षीदारांची नावं काळी करून सभासदांना वाटायचाय.

वकील_नवीपेठ: हे आधी सांगायचं ना. माहिती अधिकार अधिनियम २००५, कलम १०. देता न येणारा भाग वेगळा काढून उरलेला द्यायचा. ‘वगळलेली प्रत’ लिहा.

डीटीपी_सातरस्ता: माहिती अधिकार कुणी मागितला? आणि ‘वगळलेली’ म्हटलं तर पानंच काढली वाटतं. इथं पट्टी दिसते.

शब्दवेडी: मग ‘नावे झाकलेली प्रत’. गिऱ्हाइकालाही कळेल.

डीटीपी_सातरस्ता: हे चालेल.

टेक_अक्कलकोट: पट्टी कशी मारलीस? पीडीएफवर नुसता काळा चौकोन असेल तर खाली अक्षरं तशीच राहतात. ओळ निवडून नोटपॅडमध्ये टाकून बघ.

डीटीपी_सातरस्ता: टाकली. तिसऱ्या पानावरचं नाव आलं, फोन नंबरसकट. व्हॉट्सॲपवर फाइल दुपारीच गेलीय. फोन लावतोय.

चादर_नंबर१: लाल शाई असती तर आलं नसतं.