अर्ध्या दिवसात पाहिलेलं कॅरिबियन शहर : तुमचेही अनुभव लिहा

माहीमची_हवा
परवा रात्री मुलगा कुठल्यातरी जुन्या मॅचचे हायलाइट्स बघत होता. मी शेजारी मेथी निवडत बसले होते. मैदानामागे हिरवीगार डोंगररांग दिसली आणि मी ओरडले, "अरे, हे पोर्ट ऑफ स्पेन!" मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. आईला क्रिकेटमधलं काय कळतं, हा त्याचा नेहमीचा प्रश्न.

दहा-बारा वर्षं झाली असतील. नवऱ्याच्या कंपनीचं त्रिनिदादला (पोर्ट ऑफ स्पेन ही तिथली राजधानी) गॅस प्रकल्पावर काम होतं, मीही सोबत गेले. तो सकाळीच साइटवर पळायचा. हॉटेलातल्या मुलीने मला अर्ध्या दिवसाची टूर ठरवून दिली, साडेआठला निघून जेवायच्या वेळेला परत. गाडीत मी, एक कॅनेडियन जोडपं आणि गाइड. तोच ड्रायव्हर. वय साठीचं, डोक्यावर टोपी, आवाज खणखणीत.

"इंडियात कुठे?" म्हणाला. मी म्हटलं, मुंबई. "गावस्करची मुंबई?" झालं! क्वीन्स पार्क सॅव्हाना हे 260 एकरांचं मैदान, त्याला गाड्या गोल वळसा घालतात. तो वळसा पुरा व्हायच्या आत तिथल्या 1971 च्या भारत-वेस्ट इंडीज मॅचची अख्खी टेस्ट सांगून झाली. गावस्करचे पहिल्या डावात 65, दुसऱ्यात नाबाद 67. त्यांच्या नोरीगाने आपल्या 9 विकेट काढल्या तरी आपणच जिंकलो. आपल्या दुराणीने त्यांच्या कॅप्टन सोबर्सला शून्यावर उडवलं ते सांगताना तर स्वारीने स्टिअरिंग सोडून हात वर केले. तेव्हा हा शाळा संपवून नुकताच कामाला लागला होता, आणि मालकाला आजारी असल्याचं सांगून ओव्हलवर, म्हणजे मॅचच्या मैदानावर, गेला होता. कॅनेडियन बिचारे खिडकीतून सॅव्हानाच्या कडेचे ते सात जुने वाडे बघत होते, ज्यांचे फोटो सगळ्या माहितीपत्रकांवर असतात. मी त्यातलं घड्याळाच्या मनोऱ्याचं क्वीन्स रॉयल कॉलेज तेवढं नीट पाहिलं, कारण लेखक नायपॉल तिथे शिकले.

रेड हाऊस म्हणजे त्यांची संसद, तिच्याभोवती तेव्हा पत्रे ठोकलेले. दुरुस्ती चालू होती. 1903 मध्ये पाण्याच्या प्रश्नावरून दंगल झाली तेव्हा लोकांनी ती जाळली होती, 1907 मध्ये पुन्हा उभी राहिली. 1990 च्या बंडात तिथेच पंतप्रधानांना ओलीस धरलं होतं. आणि त्या दुरुस्तीसाठी खणलं तर खाली मूळ रहिवाशांची हाडं निघाली. गाइड म्हणाला, "आमच्याकडे कुठेही खणा, कोणीतरी आधीच येऊन गेलेला असतो."

मग फोर्ट जॉर्ज. डोंगरावर साधारण अकराशे फूट. 1804 चा किल्ला, लढाई कधी झालीच नाही, तोफा आपल्या समुद्राकडे तोंड करून बसल्यात. खाली पारियाचं आखात आणि त्यात ठिपक्याएवढी बेटं. त्यातलं एक त्याने बोटाने दाखवलं, नेल्सन बेट. हिंदुस्थानातून मळ्यांवर कामाला आणलेल्या गिरमिट्यांना आधी तिथे उतरवून तपासायचे. मग गाडीच्या खणातून त्याने एक लॅमिनेट केलेला कागद काढला. त्याच्या पणजीचा हिंदुस्थानातून निघतानाचा पास, म्हणजे त्याची प्रत. नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा बस्ती (उत्तर प्रदेशातला), ठाणं, गाव, उंची. अंगावरच्या खुणेच्या रकान्यात 'डाव्या हातावर भाजल्याचा डाग'. मला म्हणाला, "हे गाव तुमच्या मुंबईपासून किती लांब?" मी म्हटलं, रेल्वेने दीडेक दिवस. तो गप्पच झाला. त्याच्या डोक्यात बहुतेक ते शेजारी-शेजारी होतं.

कॅनेडियन बाईंनी तेवढ्यात आम्हा दोघांचा फोटो काढला. तो कुठे गेला, कोणास ठाऊक.

तर लिहा तुमचेही. बेट कुठलंही चालेल. पूर्ण दिवसाची टूर घेतलेल्यांनाही माफ आहे.

कुकरची_शिट्टी
पहिली! वाचलं नाहीये अजून, डाळ लावून येते.

मडगावचो_बाबलो
माहीमताई, लेख छान, पण एक तक्रार. त्या टेस्टमध्ये 112 कोणी काढले? आमच्या दिलीप सरदेसाईंनी! जन्म मडगावचा. अख्ख्या सिरीजमध्ये 642 रन. पण तुम्हा मुंबईकरांना गावस्करपुढे दुसरं कोणी दिसतच नाही.

माहीमची_हवा
@बाबलो अहो, मी नाही, तो गाइड! आणि सरदेसाई खेळले मुंबईकडूनच, हे हळूच सांगते 😄

मडगावचो_बाबलो
ते पोटासाठी हो.

गुहागरचा_खलाशी
आम्हा जहाजवाल्यांना अर्धा दिवस मिळाला तरी दिवाळी. टँकरवर होतो तेव्हा कुरासावला जायचो. विलेमस्टाडच्या बंदरात शिरायचं म्हणजे अगदी शहराच्या मधून. दोन्ही अंगाला पिवळी, निळी, गुलाबी डच घरं, आणि समोर पाण्यावर तरंगणारा पूल. क्वीन एमा, 1888 चा. खाली पिंपांसारख्या होड्या आणि एका टोकाला इंजिन. जहाज आलं की घंटा होते आणि अख्खा पूल दारासारखा बाजूला सरकतो. मजा म्हणजे घंटेनंतरही काही लोक पुलावरच राहतात आणि पुलाबरोबर फिरून येतात. मी पुढच्या स्टेशनवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, दोराजवळ उभा. खाली शाळेची पोरं हात हलवतायत. आमचा कॅप्टन पंजाबी, एरवी हसायचा नाही, त्यानेही हात केला.

नंतर सुट्टी मिळाली तेव्हा व्हॅन करून चार तासांत शहर बघितलं. तिथलं ज्यूंचं प्रार्थनाघर 1732 चं आहे, आत जमिनीवर वाळू पसरलेली. बूट घालून वाळूत चालायचं, वर पितळेची झुंबरं. हे डोक्यातून जात नाही. परत येताना पूल उघडा होता. निळा झेंडा लागला की समजायचं वेळ लागणार. तेवढ्यापुरती फुकट फेरीबोट असते, तिच्यात बसून आलो. आमच्या धोपाव्याच्या फेरीबोटीची आठवण झाली, पण तिथे गुरं नव्हती.

पुणे_५२_अंश
अर्ध्या दिवसात शहर कळतं का पण? गाडीतून उतरा, फोटो काढा, गाडीत बसा. मी अशा टूर घेत नाही. एका जागी आठवडाभर राहावं, बाजारात हिंडावं.

गुहागरचा_खलाशी
@पुणे_५२ साहेब, जहाज रात्री सुटतं. आठवडाभर राहिलो असतो तर कंपनीने पोलीस पाठवले असते.

कुकरची_शिट्टी
आले. वाचलं. पासवरची ती भाजल्याची खूण वाचून कसंतरी झालं. माझ्या आजीच्या हातावर अस्साच डाग होता, चुलीचा. (कुकरने दोन शिट्ट्या दिल्या, परत जाते.)

बोरिवली_फास्ट
आम्ही बार्बाडोसला क्रूझने. जहाज सकाळी ब्रिजटाऊनला लागलं, बंदराबाहेर टॅक्सीवाले पाट्या घेऊन उभे. भावाला एकच जागा बघायची होती, केन्सिंग्टन ओव्हल. 29 जून 2024 ला आपण तिथे टी-20 वर्ल्ड कप जिंकल्यानंतर कोणाला नसणार? गाइड बाई होत्या, पक्क्या. म्हणाल्या, आधी शहर, मग ओव्हल, नाहीतर तुम्ही इंडियन लोक तिथून हलत नाही.

शहर म्हणजे हीरोज स्क्वेअर. तिथला ब्रिटिश आरमारी सेनापती नेल्सनचा पुतळा 2020 मध्ये काढला, वर्षभराने देश प्रजासत्ताक झाला. मग गायिका रिहानाचं लहानपणीचं घर, ती गल्ली आता तिच्याच नावाची. साधी छोटी रंगीत घरं, आमच्या आईने विचारलं, "इथे राहून एवढी श्रीमंत झाली?" बाईंनी भाषा न कळताही मान डोलावली.

ओव्हलवर बाहेर सोबर्सचा पुतळा आहे, बॅट फिरवताना. भाऊ आत गेल्यावर सरळ सीमारेषेपाशी. सूर्याने (सूर्यकुमार यादव) फायनलचा तो झेल घेतला ते टोक कुठलं, यावर त्याचं आणि तिथल्या माळ्याचं पाच मिनिटं चाललं. शेवटी माळ्याने दोरीच्या आत-बाहेर उड्या मारून दाखवल्या. रोहितने पिचवरचं गवत खाल्लं ना, भावालाही खायचं होतं, पण पिचवर जाऊ देत नाहीत. बरोबरच आहे, सगळ्यांनी खाल्लं तर राहील काय.

मडगावचो_बाबलो
😂😂 माळी ग्रेट

दोन_गुडघे
नासाऊ, बहामा. मुलीने क्रूझचं तिकीट काढून दिलं होतं आम्हा दोघांना. टूरचे पैसे जहाजावरच भरले. बस सुटली आणि पहिलाच थांबा दागिन्यांचं दुकान! पाऊण तास. गाइड म्हणे, इथे टॉयलेट चांगलं आहे. शहर बघायला आलोय की टॉयलेट? ह्यांनी तर बसमधून उतरायलाच नकार दिला. मग राणीच्या जिन्याला फक्त दहा मिनिटं उरली. आणि बघण्यासारखं तेच होतं हो. चुनखडीचा अख्खा कडा गुलामांच्या हातून कापून घेतलेला, दोन्ही बाजूंना उंच भिंती, वेली लोंबतायत, बाहेर रणरणतं ऊन आणि आत एकदम गार. 66 पायऱ्या म्हणतात, दिसतात 65, खालची एक फरसबंदीत गेली. मी अर्ध्यात बसले. भिंतीवर हात फिरवला तर टिकावाचे घाव बोटांना लागतात अजून.

टूर घेताना आधीच विचारा, दुकानाचे थांबे किती. नाही सांगितलं तर समजून जा.

बोरिवली_फास्ट
@दोन_गुडघे काकू, अगदी! आम्हालाही एका रमच्या दुकानात नेलं, पण तिथे फुकट चव होती म्हणून कोणी बोललं नाही.

वांद्र्याची_झाडं
थोडं अवांतर. माहीमताई, सॅव्हानाच्या कडेची ती छत्रीसारखी पसरलेली प्रचंड झाडं पाहिलीत का? त्यांना तिथे समान म्हणतात. तोच आपला रेन ट्री. मुंबईत रस्त्यांवर लावलेत आणि मिलीबग किडीने पटापट वाळतायत, ती झाडं मूळची त्याच भागातली. आणि विक्रोळीला हायवेवर उन्हाळ्याच्या तोंडावर गुलाबी होतो तो टॅबेबुया? तिकडचा पिंक पोई. मी गेलो तेव्हा सॅव्हानावर खाली गुलाबी सडा पडला होता. गाइड इतिहास सांगत होता आणि मी खाली बसून फुलं गोळा करत होतो. ग्रुपमधले वैतागले.

माहीमची_हवा
@वांद्र्याची_झाडं पाहिली की! तिथेच शहाळंवाला उभा होता, कोयत्याने सपासप. पण मी झाडाला ओळख दिली नाही, आता वाईट वाटतंय.

सॅन_होजे_ते_सांगली
सान हुआन, पोर्तो रिको. शिकत होतो तेव्हा मित्रांबरोबर. वॉकिंग टूर, तीन तास, भर दुपारी, चुकीची वेळ. निळसर विटांचे रस्ते, चढ आणि परत चढ. शेवटी एल मोरो किल्ला. त्याच्यासमोर हे एवढं गवताचं पठार आणि आकाशभर पतंग! लहान पोरं, आजोबा, सगळे. गाइड किल्ल्याच्या भिंती किती जाड ते सांगतोय आणि आम्ही तिघं सांगलीचे पतंगाच्या दुकानाकडे. मांजा मागितला, तर साधा दोरा दिला. पेच लावायची पद्धतच नाही. मी एकाचा काटायला गेलो तर त्याची आई आली.

पुणे_५२_अंश
यावर मात्र हसलो.

इंजेक्शनवाली_ताई
कामाचं सांगते, कोणी लिहिलं नाही अजून. त्रिनिदादला जाऊन भारतात परत येणार असाल तर यलो फीव्हरची लस आणि पिवळं कार्ड लागतं. जायच्या आधी किमान 10 दिवस घ्या. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक केंद्रांवरच, आणि तिथे आधी नाव नोंदवावं लागतं. कार्ड नसेल तर परत आल्यावर विमानतळावरून थेट विलगीकरण, 6 दिवसांपर्यंत. आमच्या ओळखीतले एकजण 'अर्ध्या दिवसासाठी उतरलो होतो' म्हणून वाद घालत होते. अधिकारी म्हणाला, डासाला काय माहीत तुमची टूर किती तासांची होती.

दोन_गुडघे
अगं ताई, साठीच्या पुढच्यांनी घ्यावी का ती?

इंजेक्शनवाली_ताई
@दोन_गुडघे काकू, पहिल्यांदाच घेत असाल तर डॉक्टरांना भेटूनच ठरवा. वय, आधीचे आजार, चालू गोळ्या, सगळं सांगा. एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं.

कुकरची_शिट्टी
सगळे क्रिकेट आणि किल्ले. खाल्लं काय ते कोणी लिहीना!

माहीमची_हवा
राहिलंच की! टूर संपता संपता गाइडने सेंट जेम्सला गाडी थांबवली. तिथल्या गल्ल्यांची नावं दिल्ली, लखनौ, बनारस, आणि नेपाळ स्ट्रीटवर नायपॉल यांचं घर. पण थांबा घरासाठी नव्हता, डबल्ससाठी होता. हळदीच्या पिठाचे दोन मऊ 'बारा' (तळलेल्या पुऱ्या), मध्ये रश्शाचे छोले, वर काकडी, चिंचेची चटणी आणि मिरचीचा सॉस. कागदात गुंडाळून हातात. बाई विचारते, "पेपर?" म्हणजे मिरची. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, भरपूर. मुंबईची ना मी. गाइडने मागून तिला खूण केली आणि तिने चमच्याच्या टोकाएवढाच लावला. तेवढ्यानेच नाकातून पाणी.

कुकरची_शिट्टी
बाराची कृती!!

माहीमची_हवा
मैदा, हळद, जिरेपूड, मीठ, यीस्ट, कोमट पाणी. पीठ सैलसर, हाताला चिकटेल इतपत. फुगलं की तेलाच्या हाताने तळव्यावर थापायचं, कडकडीत तेलात टाकून लगेच उलटायचं, लगेच काढायचं. कुरकुरीत झाला तर बिघडला.

वांद्र्याची_झाडं
आणि छोल्यांत ती लांब दातेरी पानांची कोथिंबीर पाहिजे, चॅडन बेनी. कुंडीत लावलीय मी, हवी तर रोप देतो.

कुकरची_शिट्टी
@वांद्र्याची_झाडं दादा, ठाण्याला आणून द्याल का? की मी येऊ?

वांद्र्याची_झाडं
रविवारी मुलुंडला येतोय, स्टेशनला भेटू. पिशवी आणा, माती सांडते.