खोट्या नावाने लढलेल्या ज्यू सैनिकाच्या थडग्यावरचा क्रूस बदलावा का? ('शिलालेख' आणि 'चिखलवाट' अशी टोपणनावं घेतलेल्या दोघांतला वाद)

शिलालेख:
पहिल्या महायुद्धात लंडनच्या ईस्ट एंडमधली कितीतरी स्थलांतरित ज्यू पोरं इंग्रजी आडनाव लावून भरती झाली. त्यातली काही फ्रान्समध्ये क्रूस कोरलेल्या दगडाखाली आहेत. पुरावा असेल तर तिथे डेव्हिडचा तारा, म्हणजे ज्यू धर्माची खूण, यायलाच हवा. वॉर्साला जन्मलेला अब्राहम बेव्हिस्टाइन १९१४ मध्ये 'हॅरिस' नावाने मिडलसेक्स रेजिमेंटमध्ये गेला, वय सोळा. अशा पोरांना वय लपवायचं असे, घरच्यांना पत्ता लागू द्यायचा नसे. त्यात धर्म सोडणं कुठे आलं?

चिखलवाट:
नाव आणि धर्म वेगळे, मान्य. पण भरतीच्या कागदांत धर्माचाही रकाना होता. तिथे 'चर्च ऑफ इंग्लंड' लिहिलं असेल, तर मेलेल्या माणसाचा शब्द आपण कोण खोडणार?

शिलालेख:
सोळा-सतरा वर्षांच्या पोराने खोट्या आडनावाशी जुळेल असं उत्तर दिलं, त्याला शब्द म्हणू नका. शिवाय ओळख पुसली सैन्याच्याच पद्धतीने. सप्टेंबर १९१६ पर्यंत सैनिकाच्या गळ्यात ओळखीची फायबरची एकच चकती असे. मृत्यूची खूण म्हणून ती काढून नेली की प्रेत बेनाम. मग दोन आल्या: लाल गोल न्यायची, हिरवी अष्टकोनी प्रेतावर ठेवायची. तीही ओल्या मातीत कुजायची. युद्धानंतर प्रेतं उकरणाऱ्या तुकड्या बटणं, बूट, चमच्यावर ठोकलेला नंबर यावरून माणूस शोधत. त्यातून धर्म कसा कळणार?

चिखलवाट:
म्हणूनच कागद घट्ट हवा. १९११ च्या जनगणनेत ज्यू कुटुंब सापडलं, एवढ्याने भागत नाही. खोटं नाव आणि खरं नाव यांना जोडणारी नोंद लागते: पेन्शन कार्ड, वारसाचा पत्ता. एकाच बटालियनमध्ये दोन 'हॅरिस' निघाले, तर भलत्याच ख्रिश्चन पोरावर तारा कोराल. आणि दगडाच्या तळाशी बघा. कुटुंबाला ६६ अक्षरांपर्यंत स्वतःचा मजकूर देता येई, अक्षरामागे साडेतीन पेन्स. आईबापांनी तो दिला असेल, तर आधी तो वाचा.

शिलालेख:
आणि दिलाच नसेल तर? पत्ता बदललेला, इंग्रजी वाचता न येणारी, यिद्दिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा बोलणारी आई फॉर्म भरून कसा पाठवणार? तिचं मौन संमती धरू नका. कवी आयझॅक रोझेनबर्ग बघा, रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा, १ एप्रिल १९१८ रोजी फ्रान्समध्ये फाम्पूजवळ मारला गेला. त्याचे अवशेष वेगळे ओळखता आले नाहीत. तरी बायेल रोड ईस्ट स्मशानभूमीत 'याच जागेजवळ पुरला' असं लिहिलेला, तारा असलेला दगड आहे. हाडांची खात्री नसताना तारा चालतो.

चिखलवाट:
रोझेनबर्ग स्वतःच्या नावाने लढला. त्याच्या धर्माबद्दल वादच नव्हता. 'हॅरिस'सारख्या खोट्या नावाने लढलेल्यांच्या बाबतीत तोच तर वाद आहे. दुवा सापडेपर्यंत नोंदवहीत 'खरं आडनाव अमुक' लिहावं, दगडाला हात लावू नये.

शिलालेख:
दुव्याची अट मला मान्य. पण दुवा सापडल्यावरही भरतीचा रकाना पुढे करून अडवणार असाल, तर माझा विरोध कायम.